पांढरीचं व्याख्यान पांढरीवर ठेवा

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात आतल्या पानावर आमच्या तालुक्यातल्या व्याख्यानमालेची बातमी आली. बातमी सतरा ओळींची. मान्यवरांची अकरा नावं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं व्यवस्थित. वक्त्यांबद्दल मात्र एकच ओळ : 'प्रवरा खोऱ्यातील पुरातत्त्व या विषयावर मोलाचे मार्गदर्शन केले.' मी त्या सभागृहात पाचव्या रांगेत होते. मार्गदर्शन मोलाचं होतं, यात वाद नाही. पण ते कोणापर्यंत पोचलं आणि कोण तसाच परत गेला असता, ते बातमीत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त तात्यांच्या खापराचा भाग तेवढा राहू द्या.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस नेवासे तालुक्यात, प्रवरेकाठच्या गावांत. माहेरही याच नदीच्या काठचं. आमच्याकडे जमीन दोन तऱ्हेची, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, सगळं एकावर एक बसून जे पांढुरकं टेकाड तयार होतं, ती जुनी पांढरी. बऱ्याच गावांत वस्ती उठून पलीकडे गेलेली असते आणि टेकाड तसंच ओकंबोकं उभं असतं. माझ्या लहानपणी वडील दर उन्हाळ्यात बैलगाडीने तिथली माती आणून धाब्यावर टाकायचे. पांढरी टाकली की धाबं गळत नाही. वर्षाला दोन गाड्या. आता धाब्याची घरं गेली, स्लॅब आले, पण पांढरीची माती खत म्हणून शेतात चांगली चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी दोन गाड्या जायच्या, आता जेसीबी लावून दिवसाला वीस-वीस ट्रॉल्या जातात. हे एवढ्यासाठी सांगितलं, की व्याख्यानाचा खरा विषय हाच होता आणि व्यासपीठावर तो निघालाच नाही.

व्याख्यान सहाचं होतं. सुरू कधी झालं म्हणाल, तर दीपप्रज्वलन सव्वासातला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुस्तक, फोटो. पुन्हा शाल, श्रीफळ, पुस्तक, फोटो. एका सत्कारमूर्तींना यायला उशीर झाला, तर त्यांच्यासाठी कार्यक्रम मागे घेऊन पुन्हा सत्कार. प्रास्ताविकात व्याख्यानमालेचा इतिहास, अध्यक्षांच्या मनोगतात अध्यक्षांचा इतिहास. वक्त्यांच्या हाती माईक आला तेव्हा माझ्या घड्याळात आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आमच्या गावाकडची शेवटची एसटी नऊला. चुळबुळ सुरू झालीच. पन्नास मिनिटं कबूल केली होती म्हणे, मिळाली बावीस.

आदल्या दिवशी शिवकालावर व्याख्यान होतं, तेव्हा लोक खिडक्यांत बसले होते. मीही होते, माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण या दिवशी मोजून चाळीसेक डोकी. आपल्याकडे इतिहास म्हटलं की तलवार लागते आणि पुरातत्त्व म्हटलं की गुप्तधन. मधलं जे आहे, म्हणजे कोणी काय पेरलं, कशात शिजवलं, लेकरू गेलं तर काय केलं, ते ऐकायला कोणी खिडकीत बसत नाही.

वक्ते पुण्याहून आले होते, चाळिशीच्या आतबाहेरचे. माणूस जाणकार आणि साधा. पण पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी आणि तोंडात 'ताम्रपाषाणयुगीन', 'स्तरविन्यास' असे शब्द. तरी त्या बावीस मिनिटांत त्यांनी पुष्कळ दिलं. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केलं. त्या ठिकाणी तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली, आणि काळ्या रंगाची नक्षी काढलेली लाल भांडी. पुढे तसलीच भांडी कोकण आणि विदर्भाचा काही भाग सोडून महाराष्ट्रभर निघत गेली आणि त्या सगळ्या जुन्या शेतकऱ्यांना नाव पडलं 'जोर्वे संस्कृती'. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या नावाने जगभरच्या पुस्तकांत ओळखली जातात! मी चौतीस वर्षं मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवला, त्यात जोर्वे फक्त नकाशावरचा ठिपका होतं. वाईट वाटलं.

मग त्यांनी शिरूर तालुक्यातल्या घोडनदीकाठच्या इनामगावचे फोटो दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली खड्डा, खड्ड्यात दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या मुलाची हाडं. मोठ्या माणसाला पुरताना डोकं उत्तरेला आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेलं माणूस उठून घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा विद्वानांचा तर्क. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, बहुधा सत्कारवाल्यांपैकी कुणाच्या तरी आई. इतका वेळ पेंगत होत्या. त्या फोटोला एकदम ताठ झाल्या आणि मला म्हणाल्या, "लेकराला अजून पुरत्यातच की. जाळतंय कोण?" मी गप्पच झाले. तीन हजार वर्षांचं अंतर त्यांनी एका वाक्यात पार केलं होतं. हे त्यांनी मोठ्याने म्हणायला हवं होतं आणि वक्त्यांनी ऐकायला हवं होतं. पण सभागृहात खुर्च्या एका दिशेला तोंड करून असतात आणि माईक एकच असतो.

नऊला दहा कमी असताना अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द. तरी एक तरुण उभा राहिलाच आणि त्याने विचारलं, "सर, टेकाडात सोनं असतं का?" लोक हसले. वक्तेही हसले आणि 'नाही' म्हणाले. मग आभार, मग पसायदान. पसायदान नेवाशाच्या मातीतलंच, त्याबद्दल तक्रार नाही.

आता तात्यांचं सांगते. तात्या म्हणजे आमच्या गावचे, वय सत्तरीपुढचं, त्यांचा नातू माझा विद्यार्थी. ते शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. निघताना मला म्हणाले, "बाई, जरा बघा हो हे. सायबाला दाखवावं म्हणलं, पर कुणी इचारलंच न्हाई." उपरण्याच्या टोकाला गाठ मारून त्यांनी काहीतरी आणलं होतं. अडीच तास मांडीवर धरून बसले होते. गाठ सोडली तर आत तळहाताएवढं खापर.

मी त्यांना हाताला धरून चहाच्या टेबलापाशी नेलं. वक्त्यांच्या भोवती फोटो काढणाऱ्यांचा घोळका होता. त्यांनी खापर पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. अंगठा ओला करून माती पुसली. आतून तांबूस, बाहेरून लाल, वर काळ्या रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि त्यांच्यात तिरप्या रेघांची जाळी. मग त्यांनी ते दोन बोटांत अलगद धरून नखाने टिचकी मारली. खणकन आवाज आला, काशाच्या वाटीसारखा. म्हणाले, "चांगलं भाजलेलं आहे, म्हणून वाजतं. जोर्वे आहे हे. कुठं मिळालं, आजोबा?"

तात्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. टेकाडाचा एक भाग त्यांच्याच गटात येतो. दोन वर्षांपासून माती विकतात. पोरीच्या दवाखान्याला पैसे लागत होते. "अशी तर पोतंभर असतील. ट्रॉलीत भरून जात्यात."

तो माणूस दोन-तीन क्षण काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सकाळी दाखवाल?" त्यांना रात्रीच पुण्याला जायचं होतं, संयोजकांनी गाडी लावून ठेवली होती. ते राहिले. कुठे जेवले, कुठे झोपले याची चौकशी संयोजकांपैकी कोणी केली नाही. ते आमच्या ओसरीवर झोपले आणि पिठलं-भाकरी खाल्ली.

सकाळी साडेसातला आम्ही टेकाडावर गेलो. आम्ही म्हणजे मी, तात्या, त्यांचा नातू. पण पुण्याचा माणूस टेकाडावर आलाय म्हटल्यावर अर्ध्या तासात पंचवीस-तीस जण जमले. शेळ्या घेऊन निघालेल्या बाया थांबल्या. काही जण अर्थातच सोन्याच्या आशेने आले होते.

जेसीबीने टेकाडाचा एक अंग उभा कापला आहे. पुरुषभर उंचीची भिंतच झाली आहे ती. मी ती भिंत येताजाता दोन वर्षं बघत होते आणि मला ती माती दिसत होती. वक्त्यांनी खिशातून छोटी थापी काढली, गवंड्याची असते तसली, आणि हलक्या हाताने भिंतीवरून वरून खाली फिरवली. सुकलेली वरची माती झडली आणि आत पट्टे दिसायला लागले. करडा, काळपट, पिवळसर, पुन्हा करडा. एके ठिकाणी विटकरी भाजल्यासारखा लालसर गोळा आणि त्याच्याभोवती राख. ते काही सांगायच्या आत शेळ्यांवाली बाई म्हणाली, "चूल हाय ही." त्यांनी थापीने जरा खाली दाखवलं. तिथे कागदासारखे पातळ थर एकावर एक, वीसेक तरी असतील. "आणि हे?" ती म्हणाली, "सारवण. दर सणाला सारवत्यात, त्याचे पापुद्रे." बरोबर, म्हणाले. ही घराची जमीन. हे पापुद्रे मोजले तर या घरात किती वेळा सारवलं ते कळेल. आदल्या रात्रीचा 'स्तरविन्यास' हाच होता, एकावर एक बसलेले मातीचे थर. पडद्यावर तो मला कळला नव्हता, इथे शेळ्यांवालीने तो वाचून दाखवला.

पुढचे दोन तास तिथे जे झालं ते खरं व्याख्यान. माईक नाही, पडदा नाही, शाल नाही. त्यांनी इनामगावची गोष्ट पुन्हा सांगितली, पण वेगळी. तिथले लोक मुख्यतः जव पिकवायचे. नदीचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता, पाट काढला होता. आधी मोठी चौकोनी घरं होती. साधारण इसवी सनापूर्वी १००० नंतर घरं लहान होत गेली, गोल खोपटी आली, शेती आटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवर भर आला. पाऊस कमी झाला असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं. यावर एक म्हातारे म्हणाले, "बहात्तरला आमचं बी असंच झालं. बैल इकले आन् शेरडं ठेवली." मी बहात्तरला चौदा वर्षांची होते, दुष्काळी कामावर खडी फोडलेली आहे, सुकडी खाल्लेली आहे. घर लहान होतं म्हणजे काय होतं ते मला वेगळं सांगावं लागत नाही. 'दुष्काळात जोर्वेकरांचं काय झालं' असा विषय फलकावर लिहिला असता, तर आमच्या तालुक्यातले लोक खिडक्यांत बसले असते, पैजेवर सांगते.

सोन्याचा प्रश्न परत आलाच. या वेळी त्यांनी हसून टाळला नाही. दायमाबादची हकिगत सांगितली. आमच्याच प्रवरेकाठचं ते ठिकाण. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाची मुळं खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला, माणूस उभा असलेला रथ, हातभर लांबीचा. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. तेव्हा मी सोळा वर्षांची, आणि आमच्या गावात बातमी आली होती ती 'सोन्याची बैलगाडी निघाली' अशी. वडील सायकल घेऊन बघायला गेले आणि दायमाबादला त्यांना कोणी जवळ फिरकू दिलं नाही, म्हणून चिडून परत आले. पुढे १९७५ ते ७९ या काळात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, एकावर एक पाच काळांच्या वस्त्या मिळाल्या. पण त्या मूर्ती नेमक्या कोणत्या काळाच्या, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. का? कारण त्या थरातून शास्त्रशुद्ध काढलेल्या नाहीत. वस्तूचं वय तिच्याभोवतीची माती सांगते. माती गेली की साक्षीदार गेला. हे सांगून ते तात्यांकडे नाही, त्या कापलेल्या भिंतीकडे बघत राहिले. तात्यांना ते बरोबर कळलं.

तात्यांनी जो प्रश्न विचारला तो सभागृहात कोणीच विचारला नसता. "सायेब, हे सांगितलं की सरकार जमीन घेतंय म्हणत्यात. म्हणून कुणी बोलत न्हाई." आमच्या भागात पांढरीवर काही निघालं की लोक गपचूप बुजवतात किंवा गपचूप विकतात, त्याचं कारण एवढंच आहे. वक्त्यांनी शांतपणे समजावलं. जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा कायदा १८७८ पासूनचा आहे. पण खापरं निघाली म्हणून कोणाचा सातबारा हिरावला जात नाही. एखादी जागा संरक्षित करायची तर आधी अधिसूचना निघते, हरकती मागवतात. तात्या ऐकत होते, पुरतं पटलं असं नाही, पण ऐकत होते. मग म्हणाले, "मग आता मी काय करू? खड्डा तर पडला." वक्ते म्हणाले, पडला तो पडला, कडा आणखी तोडू नका, भिंतीला पावसाचं पाणी लागू नये म्हणून वरून चर काढा, आणि खापरं वेचून घरी नेऊ नका, जिथे दिसेल ती जागा लिहून ठेवा. तात्यांचं खापर मात्र घरी आलेलंच होतं. ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत चिठ्ठी टाकली, गट क्रमांक, तारीख, टेकाडाची कोणती बाजू. चिठ्ठी नातवाने लिहिली. अक्षर बरं आहे, मी शिकवलेलं आहे.

आता माझं म्हणणं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथे या विषयांवर बोलणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत. ते चालू राहो. पण राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड पुण्यात बसून लोकांना बोलावून भरले नाहीत. ते गावोगाव पायपीट करत वाड्यावाड्यांत गेले, दप्तरं सोडवून घेतली. कागद जिथे होते तिथे ते गेले. खापरं जिथे आहेत तिथे व्याख्यान का जाऊ नये? नेवाशातल्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते ५६ या काळात उत्खनन झालं. पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि ती ओवलेल्या धाग्यात रेशीम सापडलं. आमच्या तालुक्यात पैठणी नेसून मिरवणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे? मला स्वतःला त्या सकाळपर्यंत नव्हतं. मी नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैसाच्या खांबाला दरवर्षी डोकं टेकवते आणि लाडमोड पाहिलेलं नाही.

तालुक्याच्या सभागृहात पुरातत्त्वाचं व्याख्यान ऐकायला येतो तो माणूस माती विकत नाही. माती विकतो तो येत नाही, आणि आलाच तर उपरण्यात गाठ मारून मागे बसतो. संयोजकांचा मला राग नाही, त्यातले दोघे माझेच विद्यार्थी आहेत. हारांचा खर्च कोण देतं आणि सत्कार कुणाचे करावे लागतात, हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी पाच दिवसांतला एक दिवस तरी टेकाडाच्या गावाला द्या. सकाळचा द्या, उजेडाचा. वक्त्यांना मानधन तेवढंच, शाल नको. आणि आपल्या वार्ताहराला पाठवा, तो मान्यवरांची नावं लिहायला मोकळा आहे. तिथे शेळ्यांवाली बाईही असेल, तिचं नाव विचारायला मी त्या दिवशी विसरले, त्याने विसरू नये.

आमच्या गावची तयारी आहे. मारुतीचा पार टेकाडापासून दहा मिनिटांवर. पाराला टेकून एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभा आहे. आमच्या तरुण मंडळाने त्याला भगवा ऑइलपेंट दिलाय, त्यावरही कोणी दोन शब्द बोललं तर बरं होईल. सतरंज्या शाळेच्या, चहा तात्यांकडून. फक्त गुरुवार नको, गुरुवारी बाजार असतो. आणि पेरणीच्या आत ठेवा, कारण तात्यांच्या शेजारच्या गटातली माती उचलायचा सौदा अजून मोडलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(ता. नेवासे, जि. अहिल्यानगर)